घोंगड्यातला डबा

कुपवाडच्या एमआयडीसीत डांबर संपून खडी लागते तिथं एक पत्र्याचं शेड आहे. वर पाटी, 'बिरोबा ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स'. त्यातलं 'वर्क्स' दोन पावसाळ्यांमागं धुऊन गेलं, ते परत रंगवलं नाही. आत भिंतीला जुन्या हेडलाइटांच्या काचा, हॉर्नचे भोंगे, आणि एका खिळ्याला अर्धं काळं घोंगडं टांगलेलं. ही धुळा वायरमनची जागा.

धुळा चौपन्न वर्षांचा. अंगानं काटकुळा. पुढच्या दाताला वायर सोलून सोलून खाच पडलेली. त्या खाचेत वायर धरूनच तो बोलतो, त्यामुळं समोरच्याला निम्मं कळतं आणि निम्मं अंदाजानं घ्यावं लागतं. गाडीत बिघाड कुठं आहे हे तो ऐकून सांगायचा. बोनेटला कान लावायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, "डायनामोच्या मागं बघ. तांबडी वायर घासल्या." बघितलं की तांबडी वायर घासलेलीच असायची.

जातीनं धनगर. गाव आटपाडीच्या अंगाला, माळावर. चौदा वर्षांचा असताना बापाच्या मेंढरामागं चालत कुपवाडला आला. एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती, खतासाठी. शेजारच्या गॅरेजात एक म्हातारा वस्ताद उघड्या ट्रकच्या पोटात बसून वायरीला वायर लावत होता. लावली की दिवा पेटायचा, काढली की विझायचा. धुळानं दिवसभर ते बघितलं. तिसऱ्या दिवशी मेंढरं उठली, हा उठला नाही. बाप परत आला, गॅरेजच्या दारात उभा राहिला. तसाच गेला आणि हातातली काठी धाकट्याच्या, बिरदेवच्या, हातात दिली. बिरदेव तेव्हा दहाचा होता. चाळीस वर्षं झाली, काठी अजून त्याच्याच हातात.

या गोष्टीवरनं दोघा भावांत कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं धुळाच्या बायकोचं मत होतं.

आठ वर्षांमागं बिरदेवनं सामानाची तिन्ही घोडी विकली आणि एक जुना ट्रक घेतला. वाड्यात हसाहशी झाली. वाडा म्हणजे चार-सहा घरांची मिळून एकत्र हिंडणारी मेंढरं आणि माणसं. दसरा झाला की हा वाडा आटपाडीकडनं निघायचा, विटा, कराड, पाटण करत कोयनेवरनं खाली कोकणात उतरायचा आणि मिरगाच्या तोंडाला परत. दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलवायचा. चूल, भांडी, चालता न येणारी कोकरं, म्हातारी माणसं, सगळं घोड्यांवर असायचं. वाड्याचा कारभारी तात्याबा म्हणाला होता, "बिरदेवा, घोडं चारा खाऊन लीद तरी देतंय. ह्यो तुझा हत्ती काय देणार?" पण दुसऱ्या वर्षी तात्याबाचीच म्हातारी ट्रकात केबिनमध्ये बसली, आणि पुढं हत्तीचा विषय निघाला नाही.

दोन वर्षांमागं बिरदेव बांधावरनं पडला. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. तेव्हापासनं त्याला काठी घेऊन पन्नास पावलं जमायची. ट्रक मात्र जमायचा. तो ट्रक चालवायचा, त्याची बायको तानुबाई मेंढरामागं चालायची. असं दोन वर्षं चाललं. मग गेल्या श्रावणात ट्रकचं इंजिन फुटलं. आतला रॉड तुटून लोखंडातनं बाहेर आला, भोकात मूठ जायची.

बिरदेव कुपवाडला आला, शेडमध्ये टायरवर बसला.

"दादा, दसऱ्याला वाडा हलतोय. तवर गाडी झाली तर मी जाणार. न्हाई झाली तर मेंढरं इकून टाकतो."

"इकतो म्हंजे?"

"म्हंजे इकतो. मला चालवत न्हाई, आन तिला एकटीला सोडवत न्हाई. दीडशे जित्राब हाय. कुणाच्या जिवावर टाकू?"

धुळानं दातातली वायर काढली. "होईल गाडी," म्हणाला.

दोघं भंगारच्या आवारात गेले. तिथं दोन इंजिनं पडली होती. एक बिरदेवच्या ट्रकच्या जातीचं, जुनं, तेलानं माखलेलं. दुसरं एका अपघातातल्या नव्या ट्रकचं, कॉम्प्युटरवर चालणारं. त्याच्या अंगाला दोरीनं बांधलेला एक चपटा ॲल्युमिनियमचा डबा. सगळे त्याला डबा म्हणत. इंजिनाला डिझेल किती द्यायचं, कधी द्यायचं, ते सगळं त्या डब्याच्या हातात.

बिरदेवनं काठी जुन्या इंजिनाला टेकवली. "ह्ये घेऊ. ह्येचं सगळं डोळ्याला दिसतंय."

"त्यात काय राहिलंय रं? निम्मं ऑइल जाळंल, निम्मं रस्त्यावर सांडंल. कोयनेच्या चढाला रडत बसंल."

भंगारवाला म्हणाला, "वायरमन, नव्या इंजिनाच्या वायरी आमच्या पोरांनी करवतीनं कापल्यात, सांगून ठेवतो. जोडणारा गावला पायजे."

"जोडणारा हितं हुबा हाय," धुळा म्हणाला.

हे तो का म्हणाला, ते कुपवाडात सगळ्यांना ठाऊक होतं. पाच-सहा वर्षांत नव्या गाड्या त्याच्या शेडवरनं सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात होत्या. याच्याकडं यायची ती मागची लाल बत्ती गेलेली नाहीतर हॉर्न बसलेला. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालंही होतं, "धुळा आता हॉर्नपुरता उरला." त्याला एकदा दाखवायचं होतं. जुनं इंजिन घेतलं असतं तर आठ दिवसांत बसलं असतं, आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

नवं इंजिन जुन्या ट्रकमध्ये बसवायला फिटरला तीन दिवस लागले. वायरींना दीड महिना लागला.

शंभराच्या वर टोकं. निम्म्यांचे रंग उडालेले. जुन्या ट्रकला एक बॅटरी, या इंजिनाला दोन लागायच्या. जुन्या ट्रकला रेसची तार असते, पायानं दाबली की तार ओढली जाते. इथं तारच नाही. पायाखालचा पेडल नुसता डब्याला निरोप देतो, पुढचं डबा बघतो. इंजिन फिरतंय का, किती फिरतंय, हे कळायला दोन ठिकाणी दोन बोंडं, म्हणजे सेन्सर. त्यातलं एक जरी मुकं झालं तरी इंजिन पेटायचं नाही.

धुळानं आपल्या रीतीनं काम मांडलं. बिरदेवकडनं लोकरीचं सूत मागवलं, काळं, पांढरं आणि तांबूस. एकेक वायर कुठनं कुठं जाते ते शोधायचा आणि तिला सूत बांधायचा. काळ्या सुताची एक गाठ म्हणजे करंट आत जाणारा, दोन गाठी म्हणजे बोंडाचा निरोप, पांढरं म्हणजे बॉडीला लागणारी. मेंढराच्या कानाला कळपाची खूण करतात, तसं. महिन्याभरात सबंध इंजिन सुतांनी लोंबायला लागलं. शेजारचा पंक्चरवाला येता-जाता विचारायचा, "वायरमन, मुंडावळ्या बांधून झाल्या का? अक्षता कवाच्या?"

"तुझ्या टायरला उजवून टाकतो ह्येला," धुळा दातातनं म्हणायचा.

एक सवय मात्र त्याला मोडावी लागली. पस्तीस वर्षं वायरीत करंट आहे का बघायचं म्हणजे टोक बॉडीवर घासून ठिणगी काढायची. चट्‌ झालं की आहे. लॅपटॉप घेऊन गाड्या तपासणारा सूरज नावाचा एक जण मिरजेहून यायचा. तिशीतला, तोंडानं गोड. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, हितं एक ठिणगी मारलीसा, तर डबा मेला." त्या दिवसापासनं धुळा डाव्या हातात मीटर धरायचा आणि उजवा हात खिशात घालायचा. हात आपोआप बॉडीकडं जायचा ना. पस्तीस वर्षांचं शिकलेलं असं खिशात घालून त्यानं ते काम केलं.

दसऱ्याला नऊ दिवस राहिले असताना इंजिन पेटलं. धूर नाही, खडखड नाही. पंक्चरवाला हातातलं टायर टाकून आला. पण गाडी पुढं घेतली तर बैलगाडीच्या वर चालेना. पेडल कितीही दाबा, तेवढीच.

सूरजनं लॅपटॉप लावला. "काका, ह्यो डबा बाकीच्या गाडीला हाका मारतोय. ब्रेकचा कॉम्प्युटर कुठाय, पुढचं मीटर कुठाय. तुमच्या गाडीत त्यातलं काय बी न्हाई. उत्तर आलं न्हाई की घाबरतोय आन हळू चालतोय."

"कळपातनं तुटलेलं मेंढरू असंच करतंय," धुळा म्हणाला.

सूरज दोन दिवस बसला आणि एकेक हाक बंद केली. गाडी धावायला लागली. निघताना तो सांगत होता, "डबा पाण्यापासनं जपा काका, आन जरा मोकळा ठेवा." धुळा तेव्हा बोनेटला कान लावून होता. पाणी तेवढं त्याला ऐकू गेलं.

डबा त्यानं ड्रायव्हरच्या सीटखाली बसवला होता. तिथं जुन्या ट्रकचा पत्रा कुजलेला, पावसाचं पाणी यायचं. कोयनेकडं तर कार्तिकातसुद्धा धुकं कपडे भिजवतं. गाडी न्यायला बिरदेव आणि तानुबाई आले, तेव्हा धुळा डब्यावर प्लास्टिकचा कागद लावत होता.

तानुबाईनं डोईवरचा पदर सारखा केला. "भावजी, कागुद फाटंल हादऱ्यानं. ह्ये घ्या." आणि पिशवीतनं घोंगडं काढलं. "मामंजींचं हाय. लय जुनं, पर अजून थेंब आत घेत न्हाई. कोकरू गुंडाळतो की आमी ह्यात."

धुळानं ते हातात घेतलं. बापाचं घोंगडं. काठी बिरदेवला मिळाली तसं घोंगडंही बिरदेवलाच मिळालं होतं, आणि धुळानं चाळीस वर्षांत त्याला हात लावला नव्हता. त्यानं नाकाशी नेलं. मग कात्रीनं मधोमध कापलं. अर्ध्यात डबा गुंडाळला, दोन वेढे, वरनं सुती दोरी, जन्मल्या-जन्मल्या कोकरू गुंडाळतात तसा. उरलेलं अर्धं त्यानं शेडमध्ये ठेवून घेतलं.

बिरदेव गाडी घेऊन निघाला, खिडकीतनं ओरडला, "दादा, पायाखाली कायच लागत न्हाई गड्या! रेस दिली का नुसती सांगितली, कळंना!"

"सांग नुसती! ऐकतंय ते!"

पुढं दहा-अकरा दिवस धुळाची छाती रुंद होती. बिरदेवचा फोन आला की तो टपरीवर उभा राहूनच घ्यायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "विटा सुटलं? बरं. कराडात मुक्काम? धूर-बीर? न्हाई ना? न्हाईच येणार." पंक्चरवाल्यानंसुद्धा त्याला एकदा आपणहून चहा सांगितला.

बाराव्या दिवशी फोन आला, तेव्हा बिरदेवचा आवाज हळू होता.

"दादा, कोयनानगरच्या वर चढाला गाडी बंद पडली. पयलं जरा अडखळली, मंग एकदम. दिवा न्हाई, काटा न्हाई. सगळं मेलंय."

धुळा एसटीनं कराड, तिथनं दुसऱ्या एसटीनं कोयनानगर. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. रस्त्याच्या कडेला ट्रक, खालच्या माळावर वाडा उतरलेला, मेंढरं मेखांवर ताणलेल्या वाघरीच्या जाळ्यात कोंडलेली. बिरदेव ट्रकच्या सावलीत दगडावर बसून चातीवर लोकर कातून सूत काढत होता. पाय गेल्यापासनं रिकामे हात त्याला सोसत नव्हते.

धुळानं पिशवीतनं मीटर काढला, सीट उचलली. मीटर लावायची गरजच पडली नाही. आधी वास आला. करपलेल्या लोकरीचा. घोंगडं सोडवलं तर आतली बाजू तपकिरी, कडक झालेली, आणि डब्याच्या कडेचं रबर वितळून लोकरीला चिकटलेलं. ओढलं तसं लोकरीचे पुंजके घेऊन निघालं.

बिरदेव काठी टेकत आला. "पाणी गेलं काय?"

"न्हाई. पाण्याचा थेंब न्हाई."

"मंग?"

"उकडून मेला." धुळानं डबा मांडीवर घेतला होता. "खाली इंजिन तापलेलं, वर चढ. ह्यो आतनं बी तापतोय. त्येला वारं लागतं. मी गुंडाळला."

तानुबाई मागं उभी होती. "घोंगडं मी दिलं हुतं, भावजी."

"तुमी दिलं. गुंडाळला मी."

सूरजला फोन लावला. तो म्हणाला, तोच नंबर असलेला दुसरा डबा पाहिजे. गावला तरी कंपनीकडनं त्यात प्रोग्राम भरून घ्यावा लागणार, आणि कंपनी आधी गाडीचा चासी नंबर विचारणार. धुळानं कराडच्या एका सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर सांगितला. तिकडची मुलगी बराच वेळ शोधत होती. मग म्हणाली, "काका, ह्या गाडीला कॉम्प्युटर नाहीच आहे."

"हाय की. मी बसवलाय."

"आमच्याकडं दाखवत नाही."

भंगारवाल्यानं वीस दिवस सांगितले, तेही मिळाला तर.

तात्याबा येऊन उकिडवा बसला. "बिरदेवा, आमाला परवा हलावं लागंल. खाली भाताची रानं मोकळी व्हायला लागल्यात, आन हितलं गवत दोन दिसाचं हाय. तुझी चाळीसेक मेंढरं आमच्यात घालतो म्हण. दीडशे न्हाई जमायची. वाड्यात माणसंच राहिली न्हाईत गा, समदी पोरं कंपनीत."

"चाळीस कुठली निवडू?" बिरदेव म्हणाला.

तात्याबा धुळाकडं वळला. "वायरमन, आमची घोडी बरी व्हती का न्हाई?" त्यात टोमणा नव्हता, म्हाताऱ्याला खरंच विचारायचं होतं.

वाडा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं न्यायला व्यापाऱ्याचे दोन ट्रक आले. पहिला पटकन भरला आणि गेला. दुसरा नवा कोरा, दुमजली फळ्या ठोकलेला. तानुबाईनं नेहमीची हाळी दिली. तिच्या हाळीवर मेंढरं एका रांगेत फळीवरनं वर चढली. हमाल म्हणाला, "मावशी, असं रोज चढतील तर आमाला कामच न्हाई." शेवटचं मेंढरू चढलं आणि ती फळीजवळच उभी राहिली, हात रिकामे धरून.

ड्रायव्हरनं चावी मारली. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा मारली. पाच-सहा वेळा. मग तो खाली उतरला, फोन लावला, शिव्या दिल्या. कंपनीची गाडी कराडहून यायला तीन तास.

ऊन चढलं होतं. आत मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून सावली शोधत होती. वरच्या मजल्यावरचं एक धापा टाकायला लागलं.

बिरदेव दगडावरनं म्हणाला, "दादा, बघ की."

"मी?"

"मंग हितं कोण हाय दुसरं?"

"बिरदेवा, ती गाडी चालू झाली की..."

"मला कळतंय." त्यानं चाती मांडीवर ठेवली. "जनावरं उन्हात हायती. बघ."

धुळा ट्रकच्या खाली सरकला. वरच्या फळ्यांतनं लेंड्या पडत होत्या, मूत गळत होतं. इंजिन ओळखीचं होतं. त्याच जातीचं, दोन वर्षांनी नवं. सुतं नव्हती, तरी त्याला सगळी दिसत होती. करंटची ही, बॉडीची ती. दोन गाठीवाली वायर त्यानं बोटानं चाचपली. बोंडाच्या सॉकेटचं कुलूप तुटलेलं, सॉकेट अर्धं बाहेर आलेलं. त्यानं ते आत दाबलं.

"मार चावी!"

इंजिन पहिल्या फेऱ्याला पेटलं. पण दोन मिनिटांत सॉकेट हादऱ्यानं परत सुटणार, हे बोटाला कळत होतं.

"बंद कर. बांधाय कायतरी द्या."

ड्रायव्हरकडं टेप नव्हती. धुळाची पिशवी पलीकडं ट्रकात. त्यानं खालनं हात बाहेर काढून धरला होता. बिरदेवनं चातीवरचं सूत हातभर ओढलं, दातानं तोडलं, आणि वाकता येत नव्हतं म्हणून काठीच्या टोकाला अडकवून खाली सरकवलं. काळं सूत, याच मेंढरांचं. धुळानं सॉकेटभोवती वेढे दिले आणि सवयीनं दोन गाठी मारल्या.

बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला मूत आणि माती. ड्रायव्हर खूश होता. "काका, हात लय भारी हाय तुमचा. कंपनीत पायजे हुता. मुक्कामापतूर जाईल न्हवं?"

"जाईल," धुळा म्हणाला. "न्हाई सुटायचं आता."

ट्रक कराडच्या अंगाला उताराला लागला. तानुबाईनं वाघरीचं जाळं उपटायला घेतलं. मुक्काम हलला की गुंडाळतात, तसं तिनं ते गुंडाळलं, मेखा झटकल्या, आणि सगळं नेऊन बंद पडलेल्या ट्रकच्या हौद्यात ठेवलं. बिरदेव चातीवरची लोकर बघत होता, किती उरली ती.

धुळा रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभा होता. पहिल्या वळणाला गियर बदलला, ते त्याला ऐकू आलं. दुसऱ्या वळणाला पुन्हा. तो बराच वेळ ऐकत राहिला, कुठंतरी अडखळेल म्हणून. आवाज साफ होता, आणि तसाच साफ खाली गेला.